बॅटरीची तारीख वाचण्याआधी तिचा वाण ओळखा

साताऱ्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं: "मे २०२५ मध्ये इन्व्हर्टरसाठी १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी घेतली. झाकणावर गरम शिक्क्याने उमटवलेला कोड 'के ४' असा सुरू होतो, पुढे सहा आकडे आहेत. खोक्यावरच्या स्टिकरवर मात्र मार्च २०२५ छापलंय. दुकानदार म्हणाला, कालच गाडी उतरली, एकदम फ्रेश माल. मला जुनी बॅटरी गळ्यात मारली का? दुसरं म्हणजे, वडिलांच्या टेबलाच्या खणात चार्जिंगचे बरेच सेल सापडले, ड्रिल मशीनचा एक पॅकही आहे. त्यांच्यावरचे कोड कसे वाचायचे? काय ठेवायचं, काय टाकायचं?" सोबत त्यांनी खणातल्या सेलांची यादीही पाठवली आहे.

मी सांगलीत पंचवीसेक वर्षं बॅटऱ्यांचं काम करतो. 'के ४'चा अर्थ सांगायला मला एक मिनिट लागेल, पण तेवढ्याने तुमचं काम भागणार नाही. तुम्हाला खरं तर दोन गोष्टी हव्या आहेत: बॅटरी विकत घेताना किती जुनी होती, आणि तेवढ्या जुनेपणाने तिचं काही बिघडलंय का. पहिलीचं उत्तर कोडमध्ये सापडतं. दुसरीचं बॅटरीच्या वाणावर आणि ती कुठे, कशी पडून होती यावर ठरतं. दुधाच्या पिशवीवरची तारीख आणि गुळाच्या ढेपेवरची तारीख आपण एका नजरेने वाचतो का? बॅटऱ्यांचंही तसंच. काही दुधासारख्या नासतात, काही गुळासारख्या वर्षभर टिकतात, फक्त नीट ठेवायला हव्यात.

आधी तुमची इन्व्हर्टरची बॅटरी घेऊ. ती लेड-ॲसिड, म्हणजे दुधाच्या बाजूची. चार्ज होऊ शकणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये सगळ्यात जुना वाण हाच. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो १८५९ साली बनवला. शिशाच्या प्लेटा आणि गंधकाचं आम्ल, बस. ही बॅटरी नुसती पडून राहिली तरी आतल्या आत उतरत जाते. साधारण २५-२७ अंशांना महिन्याला तीन ते पाच टक्के, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या गोदामात काय तापमान असतं ते तुम्हाला सांगायला नको.

नुसती उतरली तर चार्ज करता येईल, मग बिघडलं काय? बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असेपर्यंत ते बारीक, भुसभुशीत असतं आणि चार्जिंगला लावलं की परत विरघळतं. तसंच आठवड्यांमागून आठवडे राहिलं तर त्याचे खडे मोठे आणि टणक होतात, आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाहीत. जितकी जागा त्या खड्यांनी अडवली तितकी बॅटरी कायमची लहान झाली. बोलीत आपण म्हणतो 'बॅटरी बसली', ती बरेचदा अशीच बसलेली असते.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी पदरचे पैसे घालवून शिकलो. लोडशेडिंगच्या वर्षांमध्ये इन्व्हर्टरला एवढी मागणी होती की माल मिळेल तेव्हा उचलायचा. एका पावसाळ्यात मी वीस बॅटऱ्या भरून ठेवल्या आणि दिवाळीपर्यंत त्यांना एकदाही चार्जर दाखवला नाही. सगळ्या विकल्या गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या सात परत आल्या. गिऱ्हाईक म्हणे, बॅकअप अर्धा. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून माझ्या दुकानात प्रत्येक बॅटरीवर खडूने शेवटच्या चार्जिंगची तारीख लिहिलेली असते, आणि ती तारीख मी कंपनीच्या कोडपेक्षा महत्त्वाची मानतो.

याच लेड-ॲसिडमध्ये एक उलटा प्रकार आहे तोही सांगतो, नाहीतर कोड वाचून भलतंच भांडण व्हायचं. मोटरसायकलच्या काही साध्या बॅटऱ्या 'ड्राय चार्ज' येतात: प्लेटा चार्ज केलेल्या पण कोरड्या, ॲसिडची बाटली वेगळी. ॲसिड भरेपर्यंत त्यात फारसं काही घडत नाही. अशी बॅटरी वर्षभरापूर्वीच्या तारखेची असली आणि सील शाबूत असेल तर मी बिनधास्त घेतो. तिचा जन्म खरं तर दुकानात ॲसिड ओतलं त्या दिवशी झाला. तुमची बॅटरी कारखान्यातून भरूनच आलेली असणार, त्यामुळे तिला ही सवलत नाही.

आता 'के ४'. अक्षर आणि आकडा ही पद्धत बॅटऱ्यांवर पुष्कळ ठिकाणी दिसते. इंग्रजी अक्षर म्हणजे महिना: ए जानेवारी, बी फेब्रुवारी, असं पुढे. आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा अंक. गोची एकच. काही कारखाने 'आय' हे अक्षर गाळतात, कारण ते एकासारखं दिसतं. 'आय' धरलं तर के म्हणजे नोव्हेंबर, गाळलं तर ऑक्टोबर. तुम्हाला कोणता कारखाना काय करतो हे कळायचं असेल तर त्याच कंपनीच्या चार-सहा बॅटऱ्या बघा. कुठेही 'एम' दिसला तर समजा 'आय' गाळलाय आणि डिसेंबर एमवर गेलाय. तुमच्या बाबतीत एवढ्या खोलात जायची गरज नाही. ऑक्टोबर धरा नाहीतर नोव्हेंबर, साल २०२४, म्हणजे विकत घेताना बॅटरी सहा-सात महिन्यांची. चार म्हणजे २०१४ कशावरून नाही? दहा वर्षं पडलेली ट्युब्युलर बॅटरी मल्टिमीटरला लावताच उघडी पडते, आणि टर्मिनलचं काळवंडलेलं शिसंही लपत नाही.

सगळे कारखाने अक्षर-आकडा वापरत नाहीत, म्हणून बाकीच्या पद्धतीही सांगून टाकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरला दोन आकडे लागतात, ते टाळायला एक्स-वाय-झेड किंवा ओ-एन-डी लिहितात. बाकीचे महिने १ ते ९. कोडमध्ये आकड्यांच्या मधेच एकटा 'ओ' दिसला तर तो शून्य आहे की ऑक्टोबर हे नीट बघा. काही ठिकाणी वर्षातला कितवा दिवस ते तीन आकड्यांत असतं, ००१ ते ३६६. आणि चार आकड्यांची आठवड्याची पद्धत: २३१८ म्हणजे २०२३चा अठरावा आठवडा, एप्रिल संपून मे लागतो तो. इथे गॅरेजवाले हमखास फसतात, कारण टायरवर हेच चार आकडे उलट असतात, आधी आठवडा मग वर्ष. म्हणजे १९२३ टायरवर वाचलं तर २०२३चा एकोणिसावा आठवडा, आणि सेलवर वाचलं तर बहुधा २०१९चा तेविसावा. अशा वेळी मी सोपी चाळणी लावतो: आठवडा ५३च्या पुढे जात नाही, महिना १२च्या पुढे जात नाही, आणि तारीख आजच्या पुढे जाऊ शकत नाही. त्याच मालातले तीन-चार नग शेजारी ठेवले की बहुतेक कोड या चाळणीतून सुटतात. एकच नग हातात असेल तर हट्ट धरू नका. विक्रेत्याला सिरियल नंबर देऊन कंपनीच्या हेल्पलाइनवर विचारायला लावा.

मग स्टिकरवरचा मार्च कुठून आला? पॅकबंद मालावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापणं वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे बंधनकारक आहे, त्यामुळे स्टिकरवर तारीख असणारच. ती झाकणावरच्या शिक्क्याशी जुळत नसेल तर दोन शक्यता. खोकं बदललं गेलं, म्हणजे बॅटरी एका नगाची आणि खोकं दुसऱ्याचं. दुकानात डिस्प्लेला काढलेल्या मालाचं हे निष्पापपणेही होतं, मीही केलंय. किंवा कोणीतरी मुद्दाम स्टिकर चिकटवलं. यातलं कोणतं ते खोक्यावरचा सिरियल नंबर आणि झाकणावरचा सिरियल नंबर ताडून कळतं. तो जुळत नसेल तर खोक्याची तारीख विसरा. शिक्का आणि स्टिकर यांत वाद झाला तर मी नेहमी शिक्क्याच्या बाजूने. ऑगस्ट २०१९च्या पुरानंतर आमच्याकडे गाळाने माखलेल्या बॅटऱ्यांची रांग लागली होती. स्टिकरांचा लगदा झालेला, वॉरंटी कार्डं वाहून गेलेली. वाचता येत होते ते फक्त प्लास्टिकमध्ये कोरलेले शिक्के.

तर तुम्हाला फसवलं का? 'काल गाडी उतरली' हे खरं असू शकतं. गाडी काल उतरली, बॅटरी मात्र त्याआधी डेपोत पाच महिने बसली होती. नुसत्या सहा महिन्यांवरून मी फसवणूक म्हणणार नाही. माझा स्वतःचा हिशोब असा आहे की तीन महिन्यांपर्यंतची बॅटरी डोळे झाकून घ्यावी, तीन ते सहा महिन्यांची दुकानदाराकडून पूर्ण चार्ज करून घ्यावी, त्यापुढची घ्यायची तर किंमत पाडून आणि ग्रॅव्हिटी (आतलं ॲसिड पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा) मोजूनच. तुमची काठावर आहे. तिचे पहिले चार महिने थंडीत गेले ही जमेची बाजू, मार्च ते मे ही उधारीची. मधे कोणी तिला चार्जिंगला लावलं होतं का, यावर सगळं आहे, आणि ते कोड सांगत नाही. ते मोजूनच कळतं.

मोजण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे चुकीचा तक्ता वापरून चांगल्या बॅटऱ्या परत केलेल्या मी पाहिल्या आहेत. इंटरनेटवर बॅटरीचा जो तक्ता मिळतो, १२.७ म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, तो गाडीच्या बॅटरीचा. गाडीच्या बॅटरीत ॲसिड जास्त तीव्र असतं, पूर्ण चार्जला ग्रॅव्हिटी १.२८०च्या आसपास. ट्युब्युलर इन्व्हर्टर बॅटरी वर्षानुवर्षं चार्जरला जोडलेली राहते, म्हणून तिच्यात ॲसिड सौम्य ठेवतात, पूर्ण चार्जला १.२४० ते १.२५०. एका सेलचा व्होल्टेज ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८५ इतका. १.२४५चे सहा सेल म्हणजे साडेबारा व्होल्टच्या जरा वर, १२.५७. हीच बॅटरी गाडीच्या तक्त्यावर ठेवलीत तर ती ऐंशी टक्के दिसेल, आणि तुम्ही दुकानदाराशी विनाकारण भांडाल. उलट १२.३ किंवा त्याखाली दिसली तर ग्रॅव्हिटी १.२००च्या खाली गेलेली आहे, आणि तशी 'नवी' बॅटरी मी घरात घेणार नाही.

व्होल्टेज घेताना बॅटरी चार्जरपासून सोडवून आठ-दहा तास तशीच ठेवा. चार्जिंग काढल्या काढल्या मीटर खोटा फुगवटा दाखवतो. ग्रॅव्हिटीसाठी हायड्रोमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सहाही फ्लोट (सेलांच्या तोंडावरची पाण्याची पातळी दाखवणारी बुचं) काढून प्रत्येक सेलचा आकडा लिहून घ्या, हातमोजे आणि चष्मा घालून, आणि जुना शर्ट घालून, कारण ॲसिडचा थेंब कपड्यावर आज दिसत नाही, धुतल्यावर भोक होऊन दिसतो. आपल्याकडचे आकडे २७ अंशांवर धरलेले असतात. त्यापेक्षा दर दहा अंश जास्त तापमानाला वाचलेल्या आकड्यात सात पॉइंट, म्हणजे ०.००७, मिळवा. मे महिन्यात ३७ अंशांना १.२३८ दिसलं तर ते १.२४५च आहे. सहा सेलांत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांच्यात फार फरक असेल, माझ्या सवयीने वीस-पंचवीस पॉइंटांपेक्षा जास्त, तर एखादा सेल आजारी. सगळेच सारखे खाली असतील तर बॅटरी फक्त उपाशी आहे. तिला पूर्ण चार्ज करा, एक रात्र थांबा, पुन्हा मोजा. १.२४०पर्यंत चढली तर वाचली. आणि मोजण्याच्या आदल्या दिवशी वरून डिस्टिल्ड वॉटर घालू नका. ते खाली मिसळायला वेळ लागतो आणि हायड्रोमीटर वरचंच पाणी शोषून तुम्हाला घाबरवतो.

वॉरंटीचं एक वाक्य: '३६ अधिक २४' म्हणजे पहिले ३६ महिने बदलून, पुढचे २४ महिने वापरलेल्या काळाचे पैसे कापून. ती साधारणपणे विक्रीच्या तारखेपासून मोजतात, पण बिल हरवलं की बरेच जण निर्मितीच्या कोडपासून मोजायला लागतात. तुमचे सहा महिने तिथे जातील. बिलाचा फोटो आजच काढून ठेवा.

आता वडिलांचा खण. याला मी जास्त मजेची बाजू म्हणेन, कारण छोट्या सेलवर वाण अक्षरांत लिहिलेला असतो आणि लोक ती अक्षरं बघतच नाहीत. पेन्सिल सेल हातात घ्या. 'एलआर६' लिहिलं असेल तर तो अल्कलाइन, नुसतं 'आर६' असेल तर साधा झिंक-कार्बन. हे दोन्ही चार्ज करायचे नाहीत, फुगून गळतात. 'केआर' म्हणजे निकेल-कॅडमियम आणि 'एचआर' म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, हे चार्जिंगचे. अक्षरांनंतरचा ६ हा पेन्सिल सेलचा आकार, ०३ म्हणजे रिमोटमधला बारका. पुसटलं असेल तर व्होल्ट बघा: १.५ छापलेला बहुधा एकदाच वापरायचा, १.२ छापलेला चार्जिंगचा. 'बहुधा' म्हणतोय, कारण हल्ली पेन्सिल सेलच्याच आकारात आत लिथियम आणि सर्किट बसवलेले १.५ व्होल्टचे चार्जिंग सेलही मिळतात. त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. बटन सेलमध्ये हीच गंमत घातक ठरते. 'सीआर२०३२' चार्ज होत नाही, 'एलआयआर२०३२' होतो, दोघं दिसायला जुळे भाऊ. संगणकाच्या बोर्डवरचा सीआर चार्जरला लावून त्याचा फटाका केलेला एक पोरगा माझ्याकडे शिकायला होता. आता तो अक्षरं वाचल्याशिवाय काहीही उचलत नाही.

तुम्ही पाठवलेल्या यादीत पांढरे एनेलूप आहेत, 'सानियो' नाव, 'एचआर', खाली '१२-०८' आणि दोन अक्षरं. या सेलवर आधी वर्ष मग महिना असतो, म्हणजे ऑगस्ट २०१२. डिसेंबर २००८ नव्हे. नावावरूनही तेच जुळतं: सानियो पॅनासॉनिककडे गेली आणि २०१३च्या सुमारास सेलवर नावही पॅनासॉनिकचं आलं. ब्रँडचं नाव, पत्ता, लोगो बदलणं ही कोडला लागणारी चांगली साक्ष असते. तेरा वर्षांचे सेल म्हणून लगेच टाकू नका. साधे मेटल हायड्राइड सेल चार्ज करून ठेवले तर महिन्याभरात पंचवीस-तीस टक्के रिकामे होतात, म्हणूनच पूर्वी 'चार्जिंगचे सेल कॅमेऱ्यात कामाच्या दिवशीच मेलेले' असा सगळ्यांचा अनुभव होता. नोव्हेंबर २००५ मध्ये एनेलूप आले ते यावरच तोडगा म्हणून. वर्षभरानंतर ८५ टक्के चार्ज उरतो असा त्यांचा पहिल्यापासूनचा दावा, आणि माझ्या कपाटातले सेल बघता मला तो पटतो. हे गुळाच्या बाजूचे. पूर्ण चार्ज करा, आठवडाभर ठेवा, मग मीटर लावा. १.२५च्या वर असले तर घड्याळ, रिमोट, मुलांची खेळणी यांत अजून बरीच वर्षं जातील. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये मात्र घालू नका. म्हाताऱ्या सेलाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, एकदम मोठा करंट मागितला की त्याला धाप लागते.

त्याच यादीतले '४६०० एमएएच' लिहिलेले पेन्सिल सेल मात्र निव्वळ थाप आहे. या आकाराच्या मेटल हायड्राइड सेलची खरी कमाल क्षमता साधारण २५०० ते २७००. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. अस्सल सेल २५ ते ३० ग्रॅमचा भरतो. थापाड्या सेलमध्ये माल कमी, म्हणून वजनही कमी. त्याच्यावरची तारीख वाचण्यात वेळ घालवू नका, ज्याने आकडा खोटा छापला तो तारीख खरी कशाला छापेल?

लांबट, पेन्सिल सेलपेक्षा जाडे जे दोन आहेत, 'आयएनआर१८६५०', ते लिथियम. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. 'आय' म्हणजे लिथियम-आयन, दुसरं अक्षर आतला धातू: सी असेल तर कोबाल्ट, एन निकेल, एम मँगनीज, एफ लोह. तिसरं अक्षर आर म्हणजे गोल. एफवाला, म्हणजे लोह-फॉस्फेट, ३.२ व्होल्टचा आणि ३.६५पर्यंतच चार्ज करायचा. बाकीचे ३.६-३.७ व्होल्टचे, बहुतेक ४.२पर्यंत. एफवाला सेल ४.२च्या चार्जरमध्ये घालणं ही चूक मी कुठल्याही जुन्या तारखेपेक्षा गंभीर मानतो.

लिथियमचं म्हातारपण कॅलेंडरवर कमी आणि ठेवण्यावर जास्त अवलंबून. चाळीस टक्के चार्ज आणि २५ अंशांना ठेवला तर वर्षाला चारेक टक्के क्षमता जाते. पूर्ण भरून ठेवला तर वीसच्या घरात, आणि त्यात ऊन लागलं तर आणखी. म्हणून लॅपटॉप कायम चार्जरवर ठेवणाऱ्याची तीन वर्षांची बॅटरी मेलेली असते आणि कपाटात अर्धवट चार्ज राहिलेली सहा वर्षांची बॅटरी चालते. इथे एक सोपी खूण सांगतो. सुटे सेल विमानाने पाठवायचे तर २०१६पासून तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज चालत नाही. त्यामुळे नवा सेल ३.५-३.६ व्होल्टच्या आसपास हातात येतो. 'नवा' म्हणून ४.१ दाखवणारा सेल कोणीतरी जुन्या पॅकमधून काढून चार्ज केलेला असण्याची शक्यता बरीच. आणि तुमच्या खणातल्या दोनपैकी एखादा २ व्होल्टच्या खाली गेला असेल तर त्याला शुद्धीवर आणू नका. इतका खाली गेल्यावर आतलं तांबं विरघळतं, चार्जिंगमध्ये ते भलत्या जागी जमतं आणि आतच शॉर्ट होतो. यूट्यूबवर 'मेलेला सेल जिवंत करा' असे पुष्कळ जण दाखवतात, त्यांच्या घराला आग लागली तर तो व्हिडिओ ते टाकत नाहीत.

लिथियमवर तारीख वाचणं कधी फार सोपं असतं, मोबाइलच्या पॅकवर सरळ २०२३०५१८ असे आठ आकडे असतात. आयफोन १५पासून पुढे तर सेटिंगमध्येच निर्मितीचा महिना, पहिला वापर आणि किती सायकल (चार्ज होऊन उतरण्याच्या फेऱ्या) झाल्या ते दिसतं. लॅपटॉपच्या बॅटरीत तारीख आतल्या चिपमध्ये असते, आणि काही सॉफ्टवेअर ती नुसत्या आकड्यात दाखवतात, २११९९ असं काहीतरी. त्याची रीत: वर्षातून १९८० वजा करून ५१२ने गुणा, त्यात महिना गुणिले ३२ मिळवा, मग दिवस मिळवा. २११९९ उलटा सोडवला की १५ जून २०२१ निघतो. पोरांना गणित म्हणून घालायला बरं आहे. पॉवर बँक घेताना मात्र तारखेआधी 'आर-' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर पडताळता येतो.

राहिला ड्रिलचा पॅक. त्यावर १२ व्होल्ट लिहिलंय आणि आत काय ते कळत नाही, असं तुम्ही म्हणता. इथे पाढे कामाला येतात. निकेलचा सेल १.२चा, लिथियमचा ३.६चा. ९.६ आणि १२ हे १.२च्या पाढ्यात बसतात, ३.६च्या नाही, म्हणून ते निकेल. ७.४, ११.१, १४.८ हे लिथियमच, ३.७ धरून केलेले. १२.८ आणि २५.६ हे लोह-फॉस्फेट. १०.८, १४.४ आणि १८ मात्र दोन्ही पाढ्यांत येतात, तिथे अक्षरं किंवा वजन बघावं लागतं. एक खोच आहे: '१२ व्होल्ट मॅक्स' असं लिहिलेलं असेल तर ते लिथियमचे तीन सेल, खरे १०.८, जाहिरातीत बारा. तुमच्या पॅकवर 'मॅक्स' नाही आणि तो वीस वर्षांपूर्वीचा आहे म्हणता, तेव्हा निकेल-कॅडमियमचे दहा सेल असणार. खाली फुली मारलेल्या कचराकुंडीच्या चित्राखाली 'सीडी' अशी दोन इंग्रजी अक्षरं असतील, ती कॅडमियमची. हा पॅक चालला तरी ठेवू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कॅडमियम विषारी आहे. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या, किंवा जिथून इन्व्हर्टरची बॅटरी घेतलीत त्या दुकानदारालाच विचारा.

तसंही त्याच्याकडे तुम्हाला जायचंच आहे. जाताना बिल, झाकणावरच्या कोडचा फोटो आणि सहा सेलांचे ग्रॅव्हिटीचे आकडे कागदावर लिहून न्या. 'जुना माल दिलात' असं म्हणालात तर तो वाद घालेल. 'चौथा सेल १.१९०ला आहे, बाकीचे १.२३५ला, बघा जरा' असं म्हणालात तर हायड्रोमीटर काढेल. आणि सगळेच सेल १.२४०च्या आसपास निघाले तर के असो की एम, बॅटरी चांगली आहे. तीन महिन्यांनी पाणी बघा.